दुभाष्याने बदललेला शब्द

सगुणा ओटीवर आली ती रडतच. कडेवर वर्षाचं लेकरू. "वकीलसाहेब, माज्या दादल्याला सोरवा. त्यानं बांद नाय तोरला!"

महिपतराव वकिलांनी दौत सारली आणि सवयीने आतल्या दाराकडे पाहिलं. दाराआड त्यांची बायको मंदाकिनी पाळणा हलवीत होती. ठाण्याच्या कचेरीत नाव व्हायचं महिपतरावांचं. पेच सुटायचा तो पाळण्यापाशी.

"आत ये बाई," मंदाकिनी म्हणाली. "आधी त्याला पाज, मग सांग."

हकिगत एवढीच. बाळकुमच्या मिठागराचा बांध पहाटेच्या भरतीला गेला. दुपारी मीठखात्याचे गोरे साहेब दुभाषी विठ्ठलरावांना घेऊन आले. राखणदार काळुराम, म्हणजे सगुणाचा नवरा, म्हणाला, "बांद फुटला." दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं, आणि साहेबांनी काळुरामलाच बेड्या घातल्या.

"पाणी किती चढलं?" मंदाकिनीने विचारलं.

"घोट्याएवरा. उन्हाबरोबर ओसरला."

"मिठाची रास?"

"मानसाहून उंच, गवतानं शाकारलेली. शेट कोनाला जवल जाव देत नव्हते. ती पन गेली."

"दुभाषी ठाण्याहून आले?"

"नाय गं बाय. शेटचा जावईच ना तो. आदल्या सांजेला सासुरवाडीलाच आलेला."

महिपतरावांनी मिठागराचा मालक विश्रामशेटला गाठलं. "सगळं विरघळलं हो! खडा उरला नाही. आता सरकार कर मागणार कशावर?" शेट हळहळत होते, पण पान मात्र निवांत लावत होते.

मग ते विठ्ठलरावांकडे गेले. त्यांचं तोंड उतरलेलं होतं. "आधी मी 'बर्स्ट' म्हणालो. मग सुधारून 'कट' म्हणालो."

"फरक काय?"

"बर्स्ट म्हणजे पाण्याच्या जोराने, आपसूक. कट म्हणजे हत्याराने. 'ब्रोक'ही चाललं असतं, पण ते मोघम. मोघम बोललो की मला घास गिळवत नाही."

घरी येऊन महिपतराव म्हणाले, "काळुरामवर त्या दुभाष्याचा राग असणार. मुद्दाम अडकवला."

"राग असता तर पहिल्याच झटक्याला 'कट' म्हणाले असते. अहो, दोघांनाही बोलवा."

संध्याकाळी सासरा-जावई ओटीवर बसले. सगुणा दाराशी. मंदाकिनी आतूनच बोलली.

"भगदाडाच्या कडा पाण्याने धुऊन नेल्या. बांध फुटला की कापला, हे साहेब पोचले तेव्हा कुणालाच ओळखता आलं नसतं. काळुराम 'फुटला'च म्हणाला. मग विठ्ठलरावांना 'कट' कुठे सापडला?"

"बायकांनी कचेरीच्या गोष्टीत..." शेट उसळले.

"शेट, 'बर्स्ट' तुमच्या सोयीचा. सगळा दोष समुद्राचा! तो तोंडातून निघून गेलेला असताना तुमच्याच जावयाने मागे घेतला. स्वतःच्या घराला जाचणारा शब्द कोण निवडील? ज्याने फावडं चालताना पाहिलं, तोच."

"मी माझाच बांध कापीन? वेड लागलंय?"

"घोटाभर पाण्यात पुरुषभर रास एका भरतीला विरघळते? तळाशी ढिगारा राहतोच. गवताखालचं मीठ तुम्ही आधीच चोरून विकलंत, कर बुडवून. म्हणून कुणाला जवळ फिरकू देत नव्हता. गेल्या मिठाचा जाब पाण्यावर ढकलायचा होता."

शेटनी जावयाकडे पाहिलं. जावई जमिनीकडे.

"पहाटे मी बाहेर पडलो," विठ्ठलराव पुटपुटले, "मामांच्या हातात फावडं होतं. आमची ही बाळंतपणाला तिथेच आहे हो. खोटा शब्द बोलवेना, खरं नाव घेववेना. माणूस मात्र तिसराच अडकला."

महिपतरावांना त्याची कीव आली. स्वतःचा पाळणा आत कुरकुरत होता. "साहेब विचारतील, तुम्ही लपवलंत की फसवलंत. काय सांगाल?"

"तो शब्द आज त्यांनाच निवडू दे."

विठ्ठलरावांनी पगडी डोक्यावर ठेवली आणि ते साहेबांच्या बंगल्याची वाट चालू लागले. सगुणाने लेकरू खांद्यावर टाकलं.

"तू कुठे निघालीस?" महिपतराव म्हणाले. "उद्या येईल काळुराम."

"शब्द बदलायची खोड हाय त्याला," ती म्हणाली, आणि झपझप त्यांच्या मागोमाग गेली.