नऊ नंबरची खूण

“ही खूण काल नव्हती!” रोझेटा म्हणाली.

“असेल. तू पाहिली नसशील,” डेव्हन म्हणाला. डेव्हन शेजारच्या घरातला. तो तेरा वर्षांचा होता, म्हणजे रोझेटापेक्षा एका वर्षाने मोठा, आणि ते एक वर्ष तो दिवसातून दहा वेळा वापरायचा.

“हा दरवाजा काल मीच पुसलाय. दोनदा! एकदा मामाने सांगितलं म्हणून आणि दुसऱ्यांदा, आपण सांगितलंय हे तो विसरला म्हणून!”

तिघंही वाकून पाहू लागले. तिसरा म्हणजे रोझेटाचा धाकटा भाऊ आयझी. वय नऊ, खिशात कायम टॉर्च. गाडीच्या दरवाजावर, अगदी खाली बिजागरीपाशी, पिवळ्या मेणखडूने एक गोल काढला होता. गोलात नऊचा आकडा. रेघ जरा थरथरली होती, पण आकडा असा काही ठसठशीत होता, की काढणाऱ्याला आपल्या मताबद्दल शंका नसावी.

“कोणी काढलं?” आयझीने विचारलं.

गॅरेजमध्ये आजोबांची टोपी खिळ्याला लटकत होती. त्यांचा निळा डगला तिच्याशेजारी, खांदे किंचित पुढे आलेले, जणू आत कोणी आहे. आजोबा फेब्रुवारीत गेले होते. त्यांच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास मात्र जुलै संपला तरी जायला तयार नव्हता.

गाडी त्यांचीच. सहासष्ट सालची, दोन दारांची, गडद हिरवी. नाक एवढं लांब, की ते कोपऱ्यावर वळलं तरी आतली माणसं बराच वेळ मागच्या रस्त्यावरच असतील असं वाटावं. आत आठ सिलिंडरचं इंजिन. आजोबांनी डेट्रॉइटच्या कारखान्यात तीस वर्षं अशा गाड्या जोडल्या, एक स्वतःसाठी घेतली आणि शेवटची वीस वर्षं तिच्यावर चादर घालून ठेवली. आता वर्नेल मामाने चादर काढली होती. शनिवारी शहरातली सगळी जुनी गाडीवाली मंडळी मोठ्या रस्त्यावरून फेरी काढणार होती. त्या फेरीत गाडी न्यायची, आणि सोमवारपासून ती आईला द्यायची. आई रोज दोन बसेस बदलून हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला जायची. “ही गाडी काचेच्या पेटीत ठेवायला नाही, रोज फिरवायला आहे!” असं मामा म्हणायचा. मामा न्हावी होता. आपल्याला कात्री चालवता येते म्हणजे पानाही येतो, अशी त्याची समजूत होती.

संध्याकाळी मामा आला, आणि त्याच्यामागून थर्मनकाका. थर्मनकाका जुन्या गाड्यांचे जाणकार. गाडीला हात लावण्यापूर्वी ते पांढरे सुती हातमोजे घालत आणि खिशातून भिंग काढत. कुठला स्क्रू मूळचा आणि कुठला नंतरचा, यावर ते तासभर बोलू शकत, आणि बोलतही.

खूण पाहून ते गुडघ्यांवर बसले.

“वर्नेल! अरे, ही कारखान्याची खूण! तपासनिसाची! साठ वर्षांनी रंगातून वर आली! किंमत दुप्पट झाली रे गाडीची!”

“पण काल नव्हती ती,” रोझेटा म्हणाली.

“बाळा, मोठी माणसं बोलताहेत,” थर्मनकाका म्हणाले आणि त्यांनी खुणेवर पारदर्शक व्हार्निशचा हात मारला. जपून ठेवायला.

आई कामावरून आली, आणि गोल पाहून दारातच थबकली.

“नऊ,” ती हळूच म्हणाली. “वर्नेल, आठवतं? बाबा घरी यायचे आणि जेवणाचा डबा आपटायचे. ‘आज पुन्हा नऊ नंबरने गाडी परत पाठवली!’ मला वाटायचं, नऊ नंबर म्हणजे कारखान्यात राहणारा राक्षस आहे.”

“ताई, तू दमलीयस,” मामा म्हणाला. पण त्याने जाताना टोपीकडे पाहिलं, आणि दिवा घालवलाच नाही.

“म्हणजे हे आजोबांचं भूत, की नऊ नंबरचं?” आयझीने अंथरुणात विचारलं.

“झोप,” रोझेटा म्हणाली.

“दोन्ही असतील तर?”

“आयझी!”

बुधवारी दुसरी खूण आली. बॉनेट उघडंच होतं, आणि रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपवर तोच पिवळा गोल, तोच नऊ. थर्मनकाकांनी त्याचा फोटो काढला, आठ बाजूंनी. पाइपला बोट लावण्याची कोणाला परवानगी नव्हती. गुरुवारी मामा गाडी घेऊन गल्लीला एक चक्कर मारायला निघाला, आणि तिसऱ्या घरापाशी फट्! करून पाइप फुटला. वाफ अशी उसळली, की समोरच्या घरातून कोणी बादली घेऊन धावत आलं.

“अरेरे! मूळचा पाइप!” थर्मनकाका कळवळले.

“जुनी गाडी आहे, व्हायचंच,” मामा भुवया पुसत म्हणाला. त्यांतून गंजाचं पाणी टपकत होतं.

रोझेटा मात्र गाडीच्या दरवाजाकडे धावली. तिने मूठ ओढली आणि दार किंचित उचलून पाहिलं. ते बिजागरीत लोंबत होतं, सैल दातासारखं.

“डेव्हन! जिथे खूण, तिथे बिघाड! भूत घाबरवत नाहीये. ते आपल्याला सांगतंय!”

“भुताला एवढं कळतं?” डेव्हन म्हणाला.

“थर्मनकाकांपेक्षा जास्त कळतं, एवढं नक्की.”

खुणा दुपारीच यायच्या, मामा दुकानात असताना. तेव्हा शुक्रवारी दोन वाजता तिघं गाडीच्या मागच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागेत, चादर ओढून पडले. आत भट्टी झाली होती. आयझीचं कोपर डेव्हनच्या नाकात होतं आणि त्यावर कुजबुजत भांडण चालू होतं.

अडीच वाजता ते थांबलं.

अडीच म्हणजे दुसऱ्या पाळीची वेळ. कारखाना पाडून किती वर्षं झाली, भोंगा कधीचा बंद. पण या भागातली म्हातारी माणसं अजून अडीचला मान वर करतात.

मागच्या गल्लीकडच्या दाराची कडी वाजली.

कोणीतरी आत आलं. पावलं सावकाश, एक पाय घासत. मग आवाज आला. टक्. टक्. कोणीतरी गाडीच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकत होतं. पुढून सुरुवात करून एकेक भाग. प्रत्येक पत्रा वेगळं उत्तर देत होता. कुठे भरीव, कुठे पोकळ. टक्. टक्. आवाज दरवाजापर्यंत आला. रोझेटाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. पेपरमिंटचा वास आला, की भास झाला, तिला कळेना. डेव्हनने, एका वर्षाचा सगळा मोठेपणा विसरून, तिचा हात घट्ट धरला.

आवाज मागच्या चाकापाशी थांबला. कोणीतरी हुंगत होतं. मग गाडी एका बाजूला किंचित दबली, आणि पत्र्यावर मेणखडू घासल्याचा आवाज आला.

उद्या आई या गाडीत बसणार होती. रोझेटाने चादर फेकली आणि उठून बसली.

मागच्या काचेतून जाड चष्म्याचे दोन डोळे तिच्याकडे पाहत होते.

आयझी किंचाळला. डोळे दचकले नाहीत. एक बोट वर झालं: थांबा. मग त्या बोटाच्या मालकिणीने नऊचं शेपूट नीट पूर्ण केलं.

“मिस यूला!” डेव्हन ओरडला.

गल्लीपलीकडच्या मिस यूला! एकेकाळी त्याही कारखान्यात कामाला होत्या, एवढंच मुलांना माहीत होतं. गेल्या वर्षी त्यांना झटका आला, तेव्हापासून तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं आणि वाचा गेली होती. त्यांची मुलगी पर्लीन सगळ्यांना सांगायची, की आई दुपारी झोपते. सगळ्यांचा विश्वासही होता, कारण बोलू न शकणाऱ्या माणसाला विचारायचं काय?

“मिस यूला,” रोझेटाने विचारलं, “नऊ नंबर… तुम्हीच?”

मिस यूलांनी वाकलेली पाठ सरळ केली. एवढंच. पण आजोबा तीस वर्षं कोणाला घाबरत होते, ते तिघांनाही कळलं.

त्यांनी रोझेटाचा हात धरून तिला मागच्या चाकापाशी ओढलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. फरशीवर ताटलीएवढा ओला डाग होता. आयझीची टॉर्च घेऊन डेव्हन गाडीखाली सरपटला.

“ब्रेकची नळी! सायलेन्सरच्या नव्या पाइपावर घासतेय! धरून ठेवायचा चिमटा नुसताच लोंबतोय!”

तो पाइप गेल्या आठवड्यात मामाने बसवला होता. गाणं म्हणत.

संध्याकाळी तिघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. मामाने ऐकलं, आणि हसला. “मिस यूला? बिचारी! अरे, ब्रेक मी स्वतः तपासलेत. पेडल दाबलं, कडक लागलं. थोडं गळणारच.”

पर्लीन येऊन दहा वेळा माफी मागून आपल्या आईला घरी घेऊन गेली, आणि तिने मागच्या फाटकाला कुलूप लावलं. थर्मनकाकांना वेगळाच धक्का बसला होता.

“म्हणजे या खुणा मूळच्या नाहीत?” ते खुर्चीत बसले. “मी व्हार्निश मारलं रे त्यावर!” एक खूण फुटलेल्या पाइपाबरोबर गेलीच होती; त्यांनी टर्पेंटाइनची बाटली घेऊन उरलेल्या दोन्ही स्वतः पुसून टाकल्या. ब्रेकवरचीसुद्धा.

शनिवारी सकाळी गाडी गल्लीत उभी राहिली. चकाकत होती! आई सुट्टी काढून, पिवळा फ्रॉक घालून पुढच्या सीटवर बसली.

“आई, उतर! ब्रेक गळतोय!” रोझेटा म्हणाली.

आईने मामाकडे पाहिलं. “वर्नेल?”

“ताई, माझ्यावर विश्वास आहे की नाही?” आणि त्याने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं. गल्ली संपते तिथे मोठा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर ट्रक कोणासाठी थांबत नाहीत.

रोझेटाने दीर्घ श्वास घेतला, आणि मग अगदी सहज, नखं पाहत म्हणाली, “थर्मनकाका, ती मागची नळी धरणारा चिमटा उलटा बसतो ना हो सहासष्टच्या गाडीला? मामाने सुलटा बसवलाय. फेरीत कोणाच्या लक्षात नाही आलं म्हणजे मिळवली.”

“हो ना,” डेव्हन मान हलवत म्हणाला. “लोक फोटो काढतील. खाली वाकून.”

थर्मनकाकांचा चेहरा पडला. “सुलटा? वर्नेल! इंजिन बंद कर! आधी बंद कर!”

“आता काय झालं?”

“चिमटा सुलटा आहे म्हणे! लोक मला काय म्हणतील?”

ब्रेकसाठी जे घडलं नाही, ते चिमट्यासाठी घडलं. इंजिन बंद झालं. थर्मनकाका हातमोजे चढवून, चांगल्या पँटची पर्वा न करता गाडीखाली शिरले. मग ते हळूहळू बाहेर आले. दोन्ही पांढरे मोजे मनगटापर्यंत ओले झाले होते. थेंब टपकत होते.

“वर्नेल,” ते म्हणाले. आवाज वेगळाच होता. “पेडल दाब.”

मामाने दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा पाय थेट तळाला टेकला, मध्ये काही नसल्यासारखा. त्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकना तेल देणारी एकच टाकी होती, आणि ती जमिनीवर रिकामी झाली होती.

मामा उतरला आणि फूटपाथवर बसला. आई तशीच सीटवर बसून, गल्लीच्या टोकाला धडधडत जाणाऱ्या ट्रककडे पाहत राहिली.

“मिस यूलांना बोलव,” शेवटी मामा म्हणाला.

फेरी हुकली. त्याऐवजी गॅरेजच्या दारात मिस यूलांची खुर्ची मांडली. मामाने नवी नळी घातली. मिस यूलांनी टक्टक् केलं आणि गोल काढला. मामाने ती काढून पुन्हा बसवली. पुन्हा गोल. “आता काय राहिलं?” मामा रडकुंडीला आला. थर्मनकाका पाने हातात देत होते, तेही मोज्यांशिवाय. रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला मिस यूलांनी खडू पर्लीनच्या हातात दिला आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकल्या. चिडलेल्या नाहीत, कामाची पाळी संपलेल्या माणसासारख्या.

पर्लीन त्यांच्याकडे पाहत राहिली. “मला वाटायचं, ती भरकटते. वर्षभर मी तिला दुपारी पांघरूण घालतेय!”

“आणि मी हसलो,” मामा म्हणाला. त्याने तिघांना समोर उभं केलं. “ऐका. मला तपासायचा कंटाळा आला होता, म्हणून मी तपासलं असं म्हणालो. तुम्ही तिघं नसता तर…” त्याने डोक्यावरची टोपी काढली. मुलांसमोर मामाने टोपी काढलेली कोणी पाहिली नव्हती. “शाबास रे! तिघंही शाबास!”

“चिमट्याचं कोणाच्या डोक्यातून निघालं?” थर्मनकाकांनी विचारलं.

“हिच्या,” डेव्हन म्हणाला. एका वर्षाचा उल्लेख न करता.

“तो उलटाच बसतो का खरंच?”

“मला काय माहीत?” रोझेटा म्हणाली.

सोमवारी सकाळी आईने स्वतः गाडी बाहेर काढली. तिघं मागे, झोपेच्या कपड्यांत, सोबतीला. इंजिनाचा आवाज छातीत भरत होता. काचेवर धुकं होतं. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं, तरी आईने त्या बाजूला एकदा पाहिलं. पहिल्या सिग्नलला लाल दिवा लागला. आईने ब्रेकवर पाय ठेवला. गाडी हलक्याने, सरळ रेषेत थांबली.

दिवा हिरवा झाला. आई निघेना. मागून हॉर्न वाजला.

“आई, हिरवा!” आयझी म्हणाला.

“दिसतोय मला,” आई म्हणाली. ती हसत होती, आणि डोळे पुसत होती. मग निघाली.

पुढच्या चौकातही ती थांबली. तिथे सिग्नल नव्हता.