आंबागडावरचा धूर

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर बायकोला चिखलदरा दाखवायचं मी कबूल केलं होतं. पण आमच्या मंगलाने मोहिमेचा रोखच बदलला!

"मले आंबागडच्या बुरजावर जायचं हाये," ती म्हणाली.

तिचं माहेर आंधळगाव. लहानपणापासून तिथल्या अंगणातून तिने हा डोंगर पाहिलेला, पण चढायचं राहून गेलेलं. महिन्याभरात तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर डॉक्टर डोंगर चढू देणार नव्हते. तिने आईला शब्दही देऊन टाकला होता: दुपारी बुरजावरून आरसा चमकवते, तू अंगणात बसून राहा. म्हातारीने लगेच जाहीर केलं की आरसा दिसल्याशिवाय जेवणार नाही.

मोहिमेतला तिसरा गडी म्हणजे मंगलाचा धाकटा भाऊ संघपाल. तो पाठीवर गोवऱ्या, कणीक, वांगी आणि बसायला एक चादर घेऊन आला.

"हे ओझं कायले?" मी विचारलं.

"गडावर जाऊन पानगे नाई केले तं कायची सहल, जिजाजी?"

पळसाच्या पानात थापलेली, निखाऱ्यात भाजलेली जाड पोळी म्हणजे पानगा. त्याच्यापुढे कोणाचं काय चालणार!

थंडीचे दिवस होते. खाली धान कापलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पिवळ्या दिसत होत्या आणि मधल्या तलावावर ऊन पडलं होतं. मंगला थांबली की मीही थांबायचो आणि मलाच धाप लागल्याचं नाटक करायचो. ते नाटक फारसं अवघड नव्हतं. ती हसायची, गुडघा चोळायची आणि पुन्हा माझा खांदा धरून उठायची.

अखेर गड आला! बुरुज समोरच होता. वर जायची वाट एका कमानीखालून होती. संघपालने भिंतीच्या आडोशाला गोवऱ्या पेटवल्या, पानगे थापून ठेवले आणि मंगला आरसा काढून कमानीकडे निघाली.

धूर भिंतीवरून वर चढला. कमानीच्या आत काहीतरी काळं हललं.

आग्या मोहोळ!

"पळू नोका!" मंगला ओरडली. "चादर घ्या!"

माश्या सुटल्या. एक माझ्या टकलावर डसली. दुसरी संघपालच्या कानावर! त्याने पानग्यांसाठी तोडलेल्या पळसाच्या ओल्या पाल्याचा भारा विस्तवावर टाकला. दाट धूर उठला. आम्ही तिघं त्या धुरात चादर ओढून बसलो. डोळे चुरचुरत होते, बाहेर नुसती घोंघों चालली होती. मंगलाने माझा हात असा घट्ट धरला होता की लग्नातही तिने तो तसा धरला नसेल.

बऱ्याच वेळाने आवाज शमला. मी चादरीतून डोकावलो. माश्या पुन्हा कमानीला लगडल्या होत्या, आणि दुसरी वाट नव्हती.

"दे आरसा," मी म्हणालो. "मी जातो."

"मायले आरसा दाखवाले तुमचा जीव घालू काय? चला खाली!"

तिने आरसा पिशवीत टाकला. संघपालने निखाऱ्यांवर पाणी ओतलं. कच्चे पानगे उचलले. आम्ही उतरू लागलो.

अर्ध्या वाटेवर माझा फोन वाजला. पलीकडे आंधळगावहून संघपालची बायको सत्यवती होती.

"जयभीम भाऊजी! मंगलाबाईले सांगा, मायले धूर दिसला. म्हणते, आमची मंगी पोचली, पानगे लावून राहिली! आता जेवाले बसली."

"तुले दिसला काय?"

"आमाले कोणालेच नाई दिसला," ती हसून म्हणाली. "तिलेच दिसला."

माझ्या सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. समोर उभा असलेला जावई तिला ओळखू येत नाही.

मी मंगलाला सगळं सांगितलं, तशी ती पायरीवरच बसली. हसता हसता तिला रडू आलं. तिने माझ्याकडून फोन घेतला आणि सत्यवतीला तो आईच्या कानाला लावायला सांगितला.

"हो माय," ती म्हणाली, "पोचली मी."

नोकरीत मी कोणाला अर्ध्या तिकिटावर पूर्ण प्रवास करू दिला नाही. पण तिच्या खांद्यावरून फोनकडे वाकून मीही ओरडलो, "पोचलो आई! बुरजावर पोचलो!"