एक घास तरी

आमच्या घरात आग्रह हा आजारच होता म्हणा ना! पानावरचा माणूस ‘पुरे’ म्हणाला की आमची वाढायला सुरुवात. लेक प्रेमा तर माझ्याही वरताण. हे बंगळूरला विमान कारखान्यात, बसवनगुडीत भाड्याचं घर. बासष्टच्या जानेवारीत म्हटलं, एकदा श्रवणबेळगोळ तरी बघू या. पहाटेची बस धरली, बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

गोमटेश्वराचं दर्शन झालं आणि दुपारी समोरच्या चंद्रगिरीवर चढलो. देवाप्पा नावाचे म्हातारे वाटाडे जुनी मंदिरं दाखवत होते. खडकावर कानडी अक्षरं कोरलेली.

“अन्नपाणी सोडून ज्यांनी इथं देह ठेवला, त्यांची नावं, अक्का,” ते म्हणाले. मी हात जोडले.

मागच्या अंगाला एक कपार होती. आत काळोख, धुपाचा आणि ओल्या दगडाचा वास. भिंतीकडे तोंड करून पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी बसलेली. नुसता हाडांचा सापळा हो! मी काही बोलायच्या आत प्रेमानं दशमीचा तुकडा तिच्या ओठांना लावला.

“आजी, एक घास तरी... माझ्यासाठी!”

म्हातारीनं तो गिळला. मग ती उठली, प्रेमाच्या गालावरून हात फिरवला, “सरी”, म्हणजे कानडीत ‘बरं’, एवढंच म्हणाली आणि उन्हात निघून गेली. मी मागोमाग बाहेर आले, तर उघडा खडक. चिटपाखरूही नाही.

देवाप्पांचा चेहरा उतरला. “व्रतातल्या जीवाला भरवलंत? ते व्रत भरवणाऱ्याच्या गळ्यात पडतं, अक्का. आता हिला कुणी भरवलं तरच ही सुटेल. पण जो भरवेल तो...”

“थोतांड मेलं!” म्हणत मी प्रेमाला ओढतच खाली आणलं.

घरी आल्यावर प्रेमा अन्नाला शिवेना. मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून राहायची. डॉक्टर झाले, घसा ठणठणीत.

“आई, पोटात आग पडलीय गं... पण हातच उचलत नाही,” ती रडायची. मी ताट घेऊन गेले की किंचाळायची, “तू नको भरवूस... तू अडकशील!”

पोटची पोर उपाशी, आणि घरात डबे भरलेले. काळजाचं पाणी पाणी झालं. त्यात ह्यांनी शपथ घातली, “तू हात लावायचा नाहीस.”

एका सकाळी मात्र मी ठरवलं, शपथ गेली चुलीत. भात कालवला, देवाला नमस्कार केला आणि खोलीत गेले. प्रेमा ताटावर वाकून दोन्ही हातांनी जेवत होती, डोळ्यांना धारा लागलेल्या. तिच्या जागी, भिंतीकडे तोंड करून, हे बसले होते. कारखान्याच्या कपड्यांतच.

“अहो...”

“जवळ येऊ नकोस,” हे म्हणाले.

तेव्हापासून त्या खोलीला कुलूप. किल्ली माझ्या कनवटीला. प्रेमावर माझा भरवसा नाही, आणि स्वतःवर तर त्याहून नाही. आत हे भुकेनं कण्हतात. जीव जात नाही, घास जात नाही. मी दाराला पाठ लावून बसते.

आज दुपारी जरा डोळा लागला. जाग आली तर कनवट रिकामी, कुलूप उघडं. आत हे हुंदके देत जेवतायत, ते ऐकू येतंय. प्रेमाला दोनदा हाक मारली. ती ओ देत नाही.

मी अजून जागची हललेली नाही. तरी माझ्या उजव्या हातात कालवलेल्या भाताचा घास आहे... गरम आहे.