चार मिलिमीटर

दादाचं ते पत्र आठ महिने त्याच्या खणात पडून होतं. खण कामाच्या टेबलाचा, आणि पत्र मापाच्या पोलादी ठोकळ्यांच्या डबीखाली. त्या ठोकळ्यांवर जग विश्वास ठेवतं. कारखानेवाले, औषधवाले, शाळा आपापल्या पट्ट्या, काटे, वजनं त्याच्याकडे पाठवत आणि ती खरं बोलतात की खोटं, हे तो तपासून देत असे. एखादी पट्टी खरी निघाली की तिच्या कडेला तो ब्लेडनं केसाएवढी रेघ ओढून तिला एक इवलीशी आकडी काढी. पेन्सिल वापरत नसे. पेन्सिलीला जाडी असते, असं त्याचं म्हणणं.

या स्वभावापायी दादानं त्याचं नाव लहानपणीच फूटपट्टी ठेवलं होतं. दादाला फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून तो अजून पत्रं लिही.

"फूटपट्टीस आशीर्वाद," पत्रात होतं. "रंगारी ठरवतो आहे. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट तेवढी तुला विचारल्याशिवाय रंगवणार नाही. तिच्यावर बोटभरच्या उंचीची खूण आहे. तुम्ही तीन वर्षं आला नाहीत, पण दर वर्षी तिथे एक खूण वाढते आहे. हात तुझाच दिसतो. मी बाहेर कुणाला बोललो नाही. रंगवू का? कळव."

बोटभर म्हणजे त्याची मुलगी. चार वर्षांची असताना एकदाच दादाकडे गेली होती, तेव्हा दादानं ते नाव ठेवलं.

पत्र वाचून त्याला आधी काळजी वाटली आणि मग लाज. दादाचं वय झालंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण आतून त्याला तो टोमणाच वाटला. तुम्ही येत नाही, तर आम्हीच मोजून घेतो. पहिल्या वर्षी बायकोची परीक्षा होती, दुसऱ्या वर्षी घर बदललं, तिसऱ्या वर्षी सांगण्यासारखं कारणच नव्हतं. तीनदा त्यानं उत्तर लिहायला घेतलं. तिन्ही वेळा "प्रिय दादा"पुढे गाडी अडली.

घरात तसं सगळं सुरळीत होतं. सकाळी बायको मुलीची वेणी घालता घालता मराठीत बोले आणि मुलगी त्या परदेशातल्या शाळेच्या भाषेत उत्तर देई. समजत सगळं होतं. तोंडातून मात्र 'हो', 'नको' आणि 'बाबा' एवढंच बाहेर येई; तेही 'बाबा'मधला शेवटचा 'बा' लांबवून, परक्यासारखं.

"तिकडे वाढली असती तर पोपटासारखी बोलली असती," तो एकदा जेवताना म्हणाला.

"मग तिला तिकडेच ठेवून यायचं होतं," बायको म्हणाली. "आणि त्यांच्याकडची एखादी बोलणारी घेऊन यायची."

दोघं हसली. मुलगी कुणाकडेच न बघता जेवत राहिली.

त्या सुट्टीत मात्र तिकिटं काढलीच. निघायच्या आठवड्यात शाळेत मुलांची उंची घेतली. तिच्या कार्डावर एकशे चोवीस पूर्णांक सहा सेंटिमीटर लिहून आलं. कार्ड त्यानं सवयीनं पाकिटात ठेवलं.

दादाचं घर दुसऱ्या मजल्यावर. तीन खोल्या, आणि मधल्या दाराशी इतकी वर्षं पडलेलं पायपुसणं. वहिनीनं दार उघडताच मुलीला जवळ ओढलं.

"अगं बाई, केवढी झाली. ओळखलंस का मला?"

मुलगी आईच्या मागे गेली.

"लाजते," बायको म्हणाली.

"लाजू दे. माझ्याशी लाजून जाणार कुठे?"

दादानं काठीनं चौकटीकडे खूण केली आणि खुर्चीत बसला.

खुणा चार होत्या. सगळ्यात खालची त्यानं स्वतः केलेली, ती त्याला पक्की आठवत होती. तिच्या वर तीन. तीन केसाएवढ्या रेघा आणि प्रत्येकीला आकडी. वहिनी म्हणाली, "हेच करत असतील हो. दुपारी मी आडवी होते, उठून बघावं तर खूण. दाराला आतून कडी. यांना करमत नाही, दुसरं काय." दादानं आपला उजवा हात पुढे धरला. बोटं पानासारखी थरथरत होती. त्या हाताला सरळ रेघ जमली नसती.

त्यानं टेप काढला. शाळेची कार्डं त्याला पाठ होती. वरच्यांतली पहिली खूण तिच्या पाचव्या वर्षाच्या उंचीपेक्षा चार मिलिमीटर वर होती. दुसरी सहाव्या वर्षापेक्षा चार मिलिमीटर. तिसरीही चारच.

त्यानं पुन्हा मोजलं. तेच आलं.

त्याचं कारण फक्त त्याला माहीत होतं. चार वर्षांच्या मुलीची ती पहिली उंची त्यानं चुकीची मोजली होती. घाईत तिला पायपुसण्यावरच उभं केलं होतं. परत गेल्यावर शाळेच्या मापाशी ताडून पाहिलं तेव्हा फरक लक्षात आला. लोकांच्या पट्ट्या तपासणाऱ्याची स्वतःच्या घरात अशी फजिती, म्हणून त्यानं ते बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. दबून दबून त्या पायपुसण्याची जाडी चार मिलिमीटर झाली होती. चूक एकदा होते. तीच चूक दर वर्षी झाली तर तिला चूक म्हणत नाहीत, पद्धत म्हणतात.

म्हणजे त्या तिन्ही वर्षी कुणीतरी पायपुसण्यावर उभं राहिलं होतं.

"काय निघालं?" दादानं विचारलं.

"बघतो," तो म्हणाला.

त्यानं पायपुसणं बाजूला केलं, मुलीला नुसत्या फरशीवर उभं केलं आणि माप घेतलं. एकशे चोवीस पूर्णांक सहा. कार्डाप्रमाणे, बरोबर. त्यानं खूण केली नाही.

सुट्टीचे दिवस चांगले गेले. बाजार झाला, नातेवाईक येऊन गेले, जो तो मुलीला काहीतरी विचारी आणि ती 'हो', 'नको' करी. तिच्याच वयाच्या मुली जिन्यात खेळत. ती वरच्या पायरीवर बसून त्यांच्याकडे बघे. एकदा वहिनी जरा रागावली. "आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलावं गं. इतकं काय जड आहे?" मुलीचे डोळे भरले. ती आतल्या खोलीत जाऊन पडली. त्याला वाईट वाटलं, पण मनातल्या मनात त्यानंही वहिनीचीच री ओढली. ते त्याला पुढे फार आठवलं.

निघायच्या दोन दिवस आधीची दुपार. जेवणं झाली होती. बायको आणि वहिनी खरेदीला गेल्या होत्या. दादा खुर्चीत मान टाकून झोपला होता. मुलगी आतल्या खोलीत झोपली होती. त्यानं स्वतः तिच्यावर चादर घातली होती. तो बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसला. पंखा फिरत होता. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर पायपुसण्यापर्यंत पोचलं होतं. पायपुसणं कुणीतरी परत जागेवर ठेवलं होतं.

पान उलटताना त्यानं वर पाहिलं.

मुलगी चौकटीला पाठ लावून उभी होती. टाचा जुळवलेल्या, हनुवटी सरळ, हात बाजूला. पायपुसण्यावर. कितीतरी वेळ मोजून घेण्यासाठी उभी असावी तशी.

"उठलीस होय?" तो म्हणाला.

ती समोर बघत राहिली.

पुढचं त्यानं का केलं, हे त्याला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. हाताला सवय असते. तो उठला. हातातलं पुस्तक तिच्या डोक्यावर आडवं धरलं. खिशातलं ब्लेड काढलं, रेघ ओढली, रेघेला आकडी काढली.

"झालं?" तिनं विचारलं. स्वच्छ, सरळ मराठीत.

"झालं," तो म्हणाला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली.

"बाबा?"

शेवटचा 'बा' लांबवलेला.

ब्लेड त्याच्या हातातून पडलं. तो आत धावला.

पलंग रिकामा होता. चादर एका बाजूला झाली होती. उशीवर खळगा होता. त्यानं हात ठेवला. ऊब होती. पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, खिडकीचे गज चाचपले.

बाहेर आला, तेव्हा मुलगी पायपुसण्यावरून उतरून माठातलं पाणी पीत होती.

"कुणाला शोधतोस?" ती म्हणाली. "मी इथेच आहे ना."

दादा जागा झाला होता. तो चौकटीकडे बघत होता, मग मुलीकडे बघत राहिला.

संध्याकाळी वहिनी आणि बायको आल्या, तोवर मुलगी जिन्यातल्या मुलींत मिसळली होती. सगळ्यांवर तिचाच आवाज चढत होता. वहिनीला आनंद आवरेना. "बघा, बोलले ते लागलं तिला. एका दुपारीत जीभ सुटली."

बायको म्हणाली, "तिकिटांचं चीज झालं."

निघताना दादा दारापर्यंत आला. "मग? चौकट रंगवू?"

"लिहून कळवतो."

"तुझं लिहून कळवणं मला माहीत आहे," दादा म्हणाला. मग आवाज उतरवून, "महिनाअखेरीला रंगारी येतो. आणि फूटपट्टी, परवापासून दुपारी आतल्या खोलीत कुणीतरी रडतं. तुझ्या वहिनीला ऐकू येत नाही. मला येतं."

ज्याला फोनवरचं ऐकू येत नाही, त्याला हे कसं ऐकू येतं, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं बॅगा उचलल्या.

परत आल्यावर पहिल्या रविवारी त्यानं मुलीला भिंतीशी उभं केलं. अनवाणी, नुसत्या फरशीवर. सकाळी माणूस जरा उंच असतो, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मोजलं. मुलं वाढतात, हेही तो धरून चालला होता. पण दुसऱ्या रविवारीही माप तेच आलं, तिसऱ्याही. एकशे पंचवीस. कार्डापेक्षा चार मिलिमीटर जास्त.

बायकोला त्यानं काही सांगितलं नाही. तिनं इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते घरात दिवसभर बडबडत होतं. मुलगी आईला पाणी आणून देई, "बस गं जरा, किती दमशील," म्हणे. एकदा बायको ओट्याशी उभी असताना डोळे पुसताना दिसली. सुखानं, असं ती म्हणाली.

त्या रात्री त्याला झोप आली नाही असं म्हणता येणार नाही. आली. ह्याचीच त्याला लाज वाटली.

सकाळी त्यानं खणातून दादाचं पत्र काढलं आणि कोरा कागद घेतला. या वेळी गाडी अडली नाही.

"प्रिय दादा, चौकट रंगवू नकोस. दुपारी जी रडते तिला हाक मारून बघ. आली तर पायपुसणं काढून नुसत्या फरशीवर उभी कर आणि माप घे. एकशे चोवीस पूर्णांक सहा निघालं तर मला कळव. मी येतो."

पाकीट चिकटवून त्यानं पत्ता लिहिला. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत मुलगी त्याच्याबरोबर आली. वाटेत तिनं त्याचा हात धरला होता. हात नेहमीसारखाच होता, मऊ, थोडा घामेजलेला.

"मी वाचलं," ती म्हणाली. तिला मराठी वाचायला कुणी शिकवलं नव्हतं.

तो थांबला.

"मला परत पाठवणार?"

ती पेटीकडे बघत राहिली.

"एवढं अजून लिही," ती म्हणाली. "तिला बोलायला वेळ लागेल म्हणावं. काकूनं रागवायचं नाही. मला खूप वेळ लागला होता."

त्यानं पाकीट फोडलं. पेटीवर कागद टेकवून ती ओळ खाली लिहिली. पाकिटाची फाटलेली कड हातानं दाबून बसवली आणि पत्र आत सोडलं.