रविवारचं पाणी

नीरजा, उरलेलं पाणी तू पायावर ओतलंस तेव्हा मी खेकसलो तुझ्यावर. राग धरू नकोस. म्हाताऱ्याकडं कारण आहे. या, सरका सगळे जवळ. शाळेच्या या ओट्यावर झोप तशीही लागायची नाही, देवगाव रंगारीचे डास पाहुण्यांना सोडत नाहीत. सकाळी तुम्ही शिवना नदीच्या खोऱ्यातून सायकली काढणार, तर त्या वाटेवर काय घडलं ते आजच कानावर असू द्या.

माझ्या ओळखीतल्या पोराची हकीकत आहे. श्रीरंग त्याचं नाव. वाळूजला कंपनीत इंजिनिअर, सायकलीचं वेड. जाड टायरची ती ग्रॅव्हल सायकल माझ्या औरंगपुऱ्यातल्या सायकलच्या दुकानात पहिल्यांदा त्यानंच आणली. मुरुमातच चालवायची होती तर बैलगाडी घ्यायचीस, म्हणून मी त्याची थट्टा करायचो. तो नुसता हसायचा. माळावरच्या गाडीवाटा, पाटाच्या कडेच्या पायवाटा, नदीचे उतार असं शोधत हिंडायचा आणि मोबाइलच्या नकाशावर रेघ ओढून ठेवायचा. मग रविवारी शहरातली पंधरा-वीस पोरं त्या रेघेवरून निघायची, तुमच्यासारखीच.

या खोऱ्यातली वाट त्यानंच शोधली. निम्म्यावर, नदीच्या दरडीवर एक लिंबाचं झाड आहे. त्याखाली मोठा रांजण असायचा, वर पत्र्याचं झाकण, बाजूला ओगराळं. शेजारच्या खोपटात भागूबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. नवरा गेल्यापासून त्याच्या नावानं तिनं तो रांजण ठेवलेला. वाटसरूची तहान भागली की त्याला पोचतं, असं ती मानायची. पहिल्या दिवशी तिनं श्रीरंगला पोटभर पाणी पाजलं. मित्रांना आणलं तर चालेल का, असं त्यानं विचारलं.

"आणा की. पाण्याला कुणी नाय म्हणतं व्हय?" ती म्हणाली.

त्यानं नकाशावर तिथं एक निळा थेंब काढला. इथं पाणी मिळतं, अशी खूण.

चूक म्हणाल तर एवढीच.

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ना, तेच ते साल. शहर चहूबाजूंनी वाढत होतं. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर मजले चढले, आणि नळाला पाणी पाच-पाच दिवसांनी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण आपल्या लोकांना सवय एकच, तोटी फिरवायची. रांजण दर रविवारी काठोकाठ भरलेला दिसायचा, म्हणून पोरांना वाटलं, जवळ बोअर असेल. दोन-दोन बाटल्या भरून घ्यायची. कुणी डोक्यावर ओतायचं, कुणी सायकलीचा चिखल धुवायचं. हे पाणी येतं कुठून, हे एकानंही म्हातारीला विचारलं नाही. होळीनंतर ऊन तापलं तसं त्यांचं तिकडं जाणं थांबलं.

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सोमवार, नऊ मे, दोन हजार सोळा. येत्या रविवारी पहाटेची राइड ठरली होती, आणि वाट जेसीबीनं खणली अशी खबर होती. ती बघून यावी म्हणून श्रीरंग कामावरून परस्पर निघाला. गाडी इथं देवगावात लावली, सायकल उतरवली, दिवा लावला आणि खोऱ्यात उतरला. लिंबापाशी पोचला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. तिजेची कोर मावळतीला टेकलेली.

खालून, नदीच्या कोरड्या पात्रातून, भागूबाई वर येत होती. डोक्यावर हंडा.

त्यानं सायकल टेकवली आणि हंडा घ्यायला पुढं झाला. तिनं मानेनंच नको म्हटलं. रांजणावर हंडा उपडा केला आणि परत वळली.

"आजी, एवढ्या रात्री?"

"दिवसा पाण्याला गर्दी असती, लेकरा. रातचंच भरावं लागतं. रविवारी पोरं येत्यात."

ती उतरली. पुन्हा वर आली. पुन्हा हंडा उपडा केला.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पाण्याचा आवाज येत नव्हता...

वारा नाही. पान हलत नाही. कुत्रंसुद्धा गप्प.

"भरलं का बघ रं, बाबा," ती मागून म्हणाली. "मला आता दिसत नाय."

त्यानं झाकण उचललं. दिवा आत धरला. रांजण कोरडा. तळाशी वाळका पाला. कोळ्याचं जाळं...

मागं ती उभी होती. वाट बघत.

नाही म्हणवेना त्याला. त्यानं सायकलीच्या दोन्ही बाटल्या काढल्या आणि रांजणात ओतल्या. हळूहळू, तिला आवाज ऐकू यावा म्हणून. शेवटचा थेंबसुद्धा झटकला.

"भरलं, आजी."

त्यानं रिकाम्या बाटल्या सायकलीला परत अडकवल्या.

"आजी...?"

मागं कुणी नव्हतं.

त्याला वाटलं, पुन्हा खाली उतरली. तो दरडीवर थांबला. हाका मारल्या. कोर बुडाली. म्हातारी वर येईना. पडली असेल, या भीतीनं तो सायकल दामटत वस्तीवर गेला. पहिल्याच दारात तिचा पुतण्या धोंडिबा बसला होता. श्रीरंग म्हणाला, बॅटरी घ्या, चला, भागूबाई नदीतून वर आली नाही.

धोंडिबा उठला नाही. उंबऱ्याआड मातीची नवी घागर भरून ठेवली होती, तिच्यावर खरबूज, वर फूल. आखाजीला पितरांच्या नावानं ठेवतात तशी.

"ही तिचीच हाय," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. वाळूत खोल खड्डा करून त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं भरायचं, त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. भागूबाई रात्रभर तेच करायची. होळीच्या आधीच्या शनिवारी, शेवटच्या खेपेला, झिऱ्याची कड तिच्या अंगावर ढासळली. वस्तीला कळलं ते रविवारी दुपारी.

त्या रविवारी सकाळी ही पोरं तिथं गेली होती. रांजण काठोकाठ होता. आज आजी दिसत नाही, असं म्हणत सगळ्यांनी बाटल्या भरल्या होत्या. श्रीरंगनंही.

ती रात्र त्यानं धोंडिबाच्या ओट्यावर काढली. नकाशावरचा थेंब तिथंच बसून पुसला. सकाळी तडक माझ्या दुकानात आला, सायकल भिंतीला लावली आणि लहान पोरासारखा रडला. एवढं मोठं माणूस माझ्यापुढं तसं रडलेलं मी दुसरं पाहिलं नाही. सायकल धुळीनं माखली होती, म्हणून फडकं घेऊन मी पुसायला बसलो.

बाटल्या हाताला जड लागल्या.

मी त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "काका, त्या रिकाम्या आहेत. मी ओतल्या ना सगळ्या."

झाकणं मी माझ्या हातानं काढली. दोन्ही काठोकाठ भरलेल्या. मे महिन्यात, बर्फासारखं गार पाणी.

आणि तळाशी नदीची वाळू.