दुसरी गिटार

काचेपलीकडे एक माणूस उभा राहून हसतोय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिची बोटं सुरावटीच्या ऐन मध्यावर होती. ती तिथंच अडखळली.

कान तपासायच्या दवाखान्यातली ती आवाजबंद खोली. जेमतेम एक खुर्ची आणि एक स्टूल मावेल एवढी. भिंतींना जाड फोम, दाराला रबराची कड आणि एका बाजूला दुहेरी काचेची खिडकी. दिवसभर तिथं वयस्कर माणसं हेडफोन लावून बसायची आणि बारीकसा आवाज कानी आला की बटण दाबायची. मग ती त्यांना श्रवणयंत्र बसवून द्यायची, म्हणून सगळे तिला कानवाली ताई म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत मात्र ती खोली तिची असे. घरी भावाचं तान्हं बाळ होतं. गिटारची पहिली तार छेडली की ते टाहो फोडायचं. वहिनी बिचारी काही बोलायची नाही, पण तिचे जागरणानं तांबारलेले डोळेच काय ते बोलायचे. तेव्हापासून गिटारचा मुक्काम दवाखान्यात, कपाटामागे.

तिनं दार ढकललं. "आता सुट्टी आहे."

"हो, बाहेर पाटी वाचली," तो म्हणाला, तेही इतक्या मोठ्यानं की ती एक पाऊल मागे सरली. "तुम्ही वाजवा. मला तसंही काही ऐकू येत नव्हतं. नुसतं दिसत होतं."

"काय दिसत होतं?"

"भांडण. तुमचं आणि गिटारचं… आणि गिटार जिंकत होती."

रागवावं असं तिच्या मनात आलं होतं, पण हसू आधी आलं. त्याचे केस ओले होते आणि खांद्यावर टॉवेल तसाच राहिला होता. तो पोहायला शिकवायचा. दिवसभर तलावाच्या या काठावरून त्या काठावर ओरडायचं, आणि घरी ऐकू न येणारी आत्या. हळू बोलायचं असतं हे तो विसरूनच गेला होता. ती आत्या त्याच्यामागे बाकावर बसली होती, पाठ ताठ, नजर जमिनीकडे. त्याला लहानपणापासून तिनंच वाढवलेलं. आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलं, आणि आता घरात रेडिओसुद्धा लावू देत नव्हती.

तपासणी झाली. यंत्र लागणार हे कळल्यावर आत्यानं स्पष्टच विचारलं, की म्हातारपण आता कानात घालून मिरवू का? कानवालीनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, की म्हातारपण तर नाही घालवता येणार, पण भाच्याचं ओरडणं थांबवता येईल. आत्यानं भाच्याकडे पाहिलं, आणि यंत्र घ्यायला तयार झाली.

त्यानंतर यंत्र जुळवून घ्यायला दोघं वरचेवर येऊ लागली. तो नेहमी वेळेच्या बराच आधी यायचा आणि काचेबाहेर उभा राहायचा. शेवटी एकदा तिनंच दार उघडं ठेवलं.

मग एकेक करत तिनं त्याला सगळं सांगितलं. तिचं लग्न ठरलं होतं. मुलानं चार ओळींच्या मेसेजवर ते मोडलं. त्या दिवसांत फोन चाळताना एक व्हिडिओ लागला. टोपी घातलेला एक म्हातारा लाकडी खुर्चीवर बसून गिटार वाजवत होता. ब्लूग्रास म्हणतात या संगीताला, हे तिला पुढं कळलं. दूरच्या कुठल्या डोंगरांतल्या लोकांनी दिवसभराचं काम आटपून घराच्या ओट्यावर बसून वाजवलेलं. सूर असे पळायचे, की उतारावरून उधळलेली करडंच. तिचं रडणं केव्हा थांबलं ते तिलाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच म्हाताऱ्याच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं.

टोपीवाले गुरुजी, असं तिनंच त्यांचं नाव ठेवलं होतं. धडा बघायचा, वाजवायचं, आपला व्हिडिओ पाठवायचा. काही दिवसांनी गुरुजींचा उत्तराचा व्हिडिओ यायचा. "कधी भेटले नाहीत, भेटणारही नाहीत," ती म्हणाली. "पण माझी करंगळी कॉर्ड धरायला घाबरते, हे जगात फक्त त्यांनी पाहिलंय. आईसारखं समजावतात हो. त्या दिवसांत ते नसते तर… जाऊ दे."

त्यानं 'जाऊ दे'च्या पुढचं विचारलं नाही. ते तिला फार आवडलं.

आता मात्र तिचं गाडं अडलं होतं. गुरुजींनी ताज्या उत्तरात सांगितलं होतं, की एकटीनं येण्यासारखी वाट संपली. हे संगीत मुळात दोघातिघांनी मिळून वाजवायचं. एक गिटार ठेका धरते, दुसरी त्यावर पळते. ठेक्याची रेकॉर्डिंग असतात, पण रेकॉर्डिंग तुझ्यासाठी थांबणार नाही आणि तुझ्यावर रुसणारही नाही. आता माणूस शोध.

"मग सापडला का?" त्यानं विचारलं.

"कुठून सापडणार?"

"मी चालेन?"

"तुम्हाला वाजवता येतं?"

"नाही. पण दिवसभर एक-दोन, एक-दोन मोजतो. माझ्या मोजण्यावर आजवर कुणी बुडालेलं नाही."

तिला वाटलं, गंमत करतोय. पण त्यानं खरोखरच जुनी गिटार आणली आणि त्याच गुरुजींच्या वर्गात सगळ्यात खालच्या इयत्तेत नाव घातलं. वर्गातल्या सगळ्यांना सगळ्यांचे व्हिडिओ दिसत. पहिल्याच व्हिडिओत तो तलावाच्या ऑफिसात, मागे खुंटीवर लाल रबरी कडी टांगलेली, आणि पाण्यानं सुरकुतलेली बोटं तारांवर. तार दाबली की तोंड कसनुसं व्हायचं. तिनं तो व्हिडिओ… किती वेळा पाहिला ते कशाला सांगा.

एका रविवारी रिकाम्या दवाखान्यात ती दोघं पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसली. तेव्हा तिनं त्याचा हात उलटा करून पाहिला. बोटांच्या टोकांना बारीक चिरा पडल्या होत्या.

"अहो, घट्टे पडायला हवे होते एव्हाना."

"रोज पडतात, रोज पाण्यात विरघळतात," तो म्हणाला. "मी त्यांना दोष देत नाही."

तिनं त्याच्या बोटांना चिकटपट्टी लावली. गरजेपेक्षा जरा सावकाशच लावली.

ठेका साधा होता. आधी जाडी तार, मग बाकीच्या सगळ्या, धूम-छक, धूम-छक. पण तिची सुरावट रंगात आली की तो खूश व्हायचा, आणि खूश झाला की पळत सुटायचा. ती दरवेळी थांबवायची. तो दरवेळी कान धरायचा. असे कित्येक रविवार गेले. मग एकदा मधल्या अवघड वळणावर तिची करंगळी नेहमीसारखी मागे राहिली… आणि तो तिच्यासाठी अगदी श्वासाएवढा थांबला. पुढच्या ठोक्यावर दोघं पुन्हा बरोबर होती. तिनं मान वर केली नाही. आपल्यासाठी कुणीतरी थांबलं, ही गोष्ट तिला नवी होती.

इकडे आत्याला माणसांचं बोलणं नीट ऐकू येऊ लागलं होतं, पण गाणं नाही. गिटार ऐकून ती म्हणाली, पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखं वाटतंय. कानवालीनं तिला समजावलं, की हे यंत्र बोलण्यासाठी बनवलेलं. लांबलेल्या सुराला ते गोंगाट समजतं आणि दाबून टाकतं. त्यावर उपाय होता, पण वेळखाऊ. आता सुट्टीतला रियाज बाजूला ठेवून ती आत्याला आवाजबंद खोलीत बसवायची, स्वतः शेजारी स्टुलावर टेकून एकेक तार वाजवायची, विचारायची, संगणकावर आकडे बदलायची, पुन्हा वाजवायची. आत्या कंटाळायची, चिडायची, "आता पुरे, पोरी," म्हणायची. पोरगी पिच्छा सोडत नव्हती.

एका दुपारी ती अशीच वाजवत असताना आत्यानं हात वर केला.

"तुझी सगळ्यात बारीक तार उतरलीय," आत्या म्हणाली.

तिनं तपासलं. खरंच उतरली होती, केसभर. तिनं खुंटी पिळली. आत्यानं डोळे मिटून घेतले. "हां. आता लागली," ती म्हणाली आणि मिटल्या डोळ्यांनीच तो सूर गुणगुणू लागली. आवाज कापत होता, पण सूर नेमका होता. दाराशी उभा असलेला भाचा भिंतीकडे वळला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसू लागला. निघताना तो काही बोलला. काय, ते तिला कळलं नाही. इतकं हळू बोलताना तिनं त्याला कधी ऐकलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. काम निघालं, असा निरोप आला. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. वर्गात त्याचा नवा व्हिडिओ नव्हता. आत्याचं काम झालं, माणसाचंही काम झालं, असं तिनं मनाला बजावलं. मनानं ऐकलं नाही. वहिनीनं एकदा बाळाला थोपटता थोपटता विचारलं, की हल्ली गिटारवाल्याचं नाव निघत नाही ते? तिनं घडी केलेली दुपटी पुन्हा घडी करायला घेतली, आणि वहिनीला उत्तर मिळालं.

मग त्याचा फोन आला. काही फुटक्या फरशा बदलायला तलावातलं पाणी उपसलं होतं, दोन दिवस तो कोरडा असणार होता. आत इतका सुंदर आवाज घुमतो, म्हणाला, की गुरुजींना धडा पाठवायचा तर इथूनच पाठवू. येणार का? जाऊ नये असं तिनं ठरवलं, आणि गिटार घेऊन गेली.

सकाळचं ऊन निळ्या फरशांवर तिरपं पसरलं होतं. काठावर छत्रीखाली आत्या खुर्ची टाकून बसली होती. ती दोघं लोखंडी शिडीनं खाली उतरली, जिथं एरवी डोक्यावर पाणी असतं तिथपर्यंत, आणि फोन एका बादलीला टेकवून ठेवला. त्यानं ठेका धरला. तिचे सूर भिंतींवर जाऊन परत येत होते, जरा मोठे होऊन. ते वळण आलं आणि गेलंही. करंगळी कुठं घाबरली नाही. शेवटच्या कॉर्डनंतरही तलाव थोडा वेळ वाजत राहिला.

"छान धरलात ठेका," ती म्हणाली. "रविवारी न येतासुद्धा."

"मी आलो नाही, कारण—"

"आत्यांचं काम झालं होतं."

"नाही हो." तो फरशीकडे बघत होता. "त्या दुपारी आत्या गायली. तुमच्यामुळे. मला इतकं… मी तुमचा इतका आभारी होतो, की मलाच कळेना, हे आभारच आहेत की दुसरं काही. उपकाराच्या भरात भलतंच बोलून बसलो, तर तुम्हाला वाटायचं, याला दोन्हीतला फरक कळत नाही. म्हटलं, थोडं थांबून बघू. नुसते आभार असतील तर ओसरतील."

"मग? ओसरले?"

"आभार आहेत तिथंच आहेत. पण दुसरं जे आहे ना, ते काचेबाहेर उभा होतो तेव्हापासूनचं आहे. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी काहीच केलं नव्हतं. उलट रागावला होतात."

गिटार मांडीवर तशीच धरून ती म्हणाली, "मलाही तुमचे आभार मानायचे होते. त्या वळणावर थांबलात, त्याबद्दल."

"मग मानून घ्या आधी. उरेल ते बघू."

"मानले."

"काही उरलं?"

"…बरंच."

तो इतक्या हळू बोलत होता की तिला पुढं झुकावं लागत होतं. पण कोरडा तलाव काही पोटात ठेवत नाही. वरून आवाज आला, शाळेतल्या बाईंचा, ठणठणीत.

"अरे, मग तिला अहो-जाहो काय करतोस अजून? तू म्हण की."

दोघांनी वर पाहिलं. आत्या छत्रीच्या सावलीत मजेत बसली होती. तिनं पुढं सांगून टाकलं, की आपल्याला पहिल्या शब्दापासून ऐकू येतंय. ही पोर कान देते ते पक्के देते.

तो लाजून लाल झाला. मग तिच्याकडे वळून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "तू… चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली. "तुला?"

घाईगर्दीत फोन बंद करायचं राहिलं होतं, आणि आनंदाच्या भरात तिनं व्हिडिओ तसाच्या तसा पाठवून दिला. लक्षात आलं तेव्हा सगळ्या वर्गानं तो बघितलेला. काही दिवसांनी गुरुजींचं उत्तर आलं. तिच्या करंगळीचं त्यांनी कौतुक केलं, त्याला मनगट जरा सैल सोड म्हणाले. मग म्हणाले, की शेवटचं मराठी बोलणं आपल्याला एक अक्षर कळलं नाही, तरी दोनदा पाहिलं. आणि वर बसलेल्या त्या बाई जे काही म्हणाल्या, ते बरोबरच असणार. ती हसता हसता रडली. कधी न भेटलेल्या त्या माणसाला तिनं फोनच्या पडद्यासमोर हात जोडले.

फरशा बसल्या, तलाव पुन्हा भरला. तिला पाण्याची फार भीती, हे तोवर त्याला माहीतच नव्हतं. एका सकाळी ती उथळ टोकाला कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, दात कडकडत, त्याचे दोन्ही हात घट्ट धरून. तलावात दुसरं कुणी नव्हतं, तरी तो ओरडला नाही. "पाय सोड," तो म्हणाला. "मी आहे."

तिनं पाय सोडले.