सर्व्हर रूममधलं स्टूल

खरं की खोटं, यावर वाद घालायची ताकद माझ्यात उरलेली नाही. जे झालं ते सांगतो.

रविवार होता. दुपारचे अडीच. हॉस्पिटलच्या तळघरातली सर्व्हर रूम. मी तिथला हार्डवेअरवाला.

भुतं म्हणे रात्री येतात. त्या खोलीला खिडकीच नाही, तिथे दिवस काय नि रात्र काय!

एसी कायम अठरावर. पंख्यांची घरघर. आणि एक लोखंडी स्टूल.

ते आमच्या काकांचं. काका म्हणजे आमचे सीनियर. त्यांचा नियम एकच, स्टूल रिकामं सोडायचं नाही. पुढचा माणूस येऊन "सुटलात" म्हणाला, की उठायचं. म्हणणाऱ्याने लगेच तिथे बसायचं.

त्या रविवारच्या सहा महिने आधी काका त्याच स्टुलावर गेले. हार्ट अटॅक.

त्या दिवशी पाळी खरं तर माझी होती. "ताप आलाय," असं मी फोनवर सांगितलं. ताप-बिप काही नव्हता, नुसतं झोपायचं होतं. सकाळपासून बसलेले काका म्हणाले, "झोप रे. तुझी पण मीच ओढतो."

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

तर त्या रविवारी मी कुलूप उघडलं. दाराजवळच्या स्टुलावर टेकलो आणि...

स्टूल गरम होतं.

कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं. काकांनंतर तो नियम कुणी पाळत नव्हतं, सकाळपासून तिथे कुणी आलंही नव्हतं.

म्हटलं, जाऊ दे. वरच्या मजल्यांवरच्या दोन धरून सलग तिसरी पाळी होती, डोळे आपोआप मिटत होते.

काम डोकं उठवणारं. आदल्या दिवशी एका सर्व्हरचं फर्मवेअर, म्हणजे आतच बसवलेला प्रोग्राम, बदलताना मध्येच अडकलं. बाहेरून हुकूम घेणारं कार्ड त्यात मेलं. डिस्कवरचे दिवे विझले. वर एक डिस्कही खराब. एक गेली तरी मशीन तगतं. चुकून दुसरी ओढली, की सगळ्या पेशंटचे रिपोर्ट गेले. बॅकअप आठवडाभर बंद. आणि सोमवारी सकाळी नऊ ऑपरेशनं.

कंट्रोल रूममधली ताई फोनवर होती. "दादा, तीन नंबरची काढ. जपून हं."

मी उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला मशीनपाशी गेलो. मोजलं. एक, दोन, तीन. हँडलला बोट लावलं...

खट्.

शेजारच्या, चौथ्या डिस्कवर निळा दिवा लागला. खुणेचा. "हीच ती" असं दाखवायला कंट्रोल रूममधून लावतात तो.

हात जागीच थिजला. अरे देवा! आमच्यात मोजणी शून्यापासून. तीन नंबर म्हणजे चौथी! काका किती ओरडायचे, "शून्यापासून, गाढवा, शून्यापासून!"

चौथी काढली. नवी बसवली. मशीन तगलं.

"ताई, वाचवलंस गं. बरं झालं दिवा लावलास."

"कुठला दिवा?"

"निळा."

"दादा, झोप झालीये ना तुझी? कार्ड मेलंय. मी कुठून लावणार?"

मी हळूच मागे वळलो...

दाराजवळचं स्टूल माझ्या अगदी पाठीशी होतं.

हात लावला. गरम.

मला रडूच फुटलं. भीतीने नाही हो, लाजेने. काका अजून माझीच पाळी ओढतायत. त्यांना कुणी सोडवलंच नाही.

"सुटलात" एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही. पण म्हटलं, की मला तिथे बसावं लागणार. पुढचा येईपर्यंत...

माझ्यानंतर येणारं कुणी नव्हतं.

मी तोंड मिटलं. कुलूप लावलं. घरी आलो.

त्याला दोन वर्षं झाली. रविवारची पाळी अजून माझ्याकडेच आहे. मी ती उभ्यानेच करतो. निघताना एकदा स्टुलाला हात लावून बघतो.

गरमच असतं.